पार्श्वभूमी : कमी पटाच्या शाळा आणि विसाचा आकडा

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याचे एक पत्र जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. 20 पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. अशा 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 विद्यार्थी आणि 29,707 शिक्षक असल्याची खात्याची आकडेवारी त्याच वेळी चर्चेत आली. भागाकार केला तर एका शाळेत साधारण बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. एवढ्या मुलांमागे दोन पगार परवडत नाहीत आणि एवढ्या कमी मुलांत शिकणेही नीट होत नाही, अशा दोन गोष्टी तेव्हापासून एका दमात बोलल्या जातात. पहिली गोष्ट हिशेबाची आहे. दुसरी खरी की खोटी हे तपासायचे, तर या शाळा कुठून आल्या आणि त्यांत कोण उरले ते आधी पाहावे लागते.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. शेतकऱ्याच्या करातून जमणारा पैसा त्याच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, ही तक्रार पुण्याहून 1882 मध्येच शिक्षण आयोगापुढे गेली होती. कोल्हापूर संस्थानाने 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. त्यांतल्या पुष्कळ शाळा एकशिक्षकी होत्या. गुरुजी तालुक्याला गेले की शाळेला कुलूप लागे. 1987 च्या खडू-फळा मोहिमेने अशा शाळांना दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली देण्याचे ठरवले. दोन शिक्षक ही चैन नव्हे, शाळा रोज उघडी राहण्याची ती किमान अट आहे, हे देशपातळीवर तेव्हाच मान्य झाले होते.

आज ज्यांना कमी पटाच्या म्हटले जाते त्यांतल्या अनेक शाळांचे मूळ मात्र 2000 नंतरच्या वस्तीशाळांत आहे. मूळ गावापासून दूर असलेल्या वाड्या, पाडे, तांडे, धनगरवाडे इथल्या मुलांसाठी त्या काढल्या गेल्या. पंधरा मुले मिळाली, डोंगराळ आदिवासी भागात त्याहूनही कमी, तरी शाळा मंजूर होत असे. गावातलाच एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी तुटपुंज्या मानधनावर शिकवायला उभी राही. वर्ग कधी मंदिरात, कधी कुणाच्या पडवीत भरे. पुढे या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि 2014 मध्ये तिथल्या निमशिक्षकांना सेवेत कायम करण्यात आले. थोडक्यात, या शाळा मुळातच लहान होत्या. मोठी शाळा ओस पडून त्या उरलेल्या नाहीत. त्यांना ‘पट घसरलेल्या’ शाळांच्या यादीत घालणे ही पहिली गफलत.

दुसरी गफलत 20 या आकड्याची. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारची शाळा हा मुलाचा हक्क ठरवला. त्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असे म्हटले आहे. खालची मर्यादा तिथे नाही. पाच मुले असली तरी दोनच शिक्षक. राज्याने 2011 मध्ये स्वतःचे नियम केले, त्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हणताना 6 ते 11 वयाची किमान 20 मुले उपलब्ध असावीत, ही अट जोडली. वस्ती त्याहून लहान असेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची. ही अट नवी शाळा कुठे काढावी यासाठी होती. चालू शाळा कुठली बंद करावी यासाठी ती लिहिलेली नव्हती. पुढच्या दहा-बारा वर्षांत मात्र शाळा काढण्याचा आकडा हाच शाळा टिकवण्याचा आकडा होऊन बसला. हा बदल कुठल्याही कायद्याने झालेला नाही. तो पत्रे, तक्ते आणि आढावा बैठका यांतून झाला आणि म्हणूनच त्यावर धड चर्चा झाली नाही.

‘पट’ हा शब्दही सरळ नाही. पटावर नाव असणे वेगळे, हजेरी वेगळी आणि वर्षभर शिकणे आणखी वेगळे. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि सुमारे 20 लाख नावे संशयाच्या घेऱ्यात आली. खोटी नावे लावून अनुदान लाटणाऱ्या संस्था उघड्या पडल्या, हे चांगलेच झाले. पण तेव्हापासून खात्याची नजर मुलाच्या शिकण्यावरून त्याच्या डोक्याच्या मोजणीवर गेली ती गेलीच. त्या वर्षी 6 ऑक्टोबरला दसरा होता. बीड, अहिल्यानगरच्या वाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या साधारण दसऱ्यानंतर बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयत्याबरोबर गेलेले मूल ऑक्टोबरच्या मोजणीत हजर असते, जानेवारीत फडावर असते आणि एप्रिलमध्ये परीक्षेला बसते. बारा मुलांच्या शाळेतून अशी चार मुले गेली की त्या शाळेचा निकाल एक तृतीयांशापर्यंत हलू शकतो. शिकवण्यात काडीचाही फरक न पडता.

याच पार्श्वभूमीवर डिसेंबर 2017 चा निर्णय आला. दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळांतली मुले जवळच्या शाळेत हलवायची. त्यात कोकणातल्या शाळांची संख्या मोठी होती. सरकारचा शब्द ‘समायोजन’, पालकांचा शब्द ‘शाळा बंद’. दोघेही एकाच कुलपाविषयी बोलत होते. मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी मिळतील, खेळ मिळतील, एका वर्गाला एक शिक्षक मिळेल, असे कारण दिले गेले आणि ते अगदीच पोकळ नाही. चौथीत एकटीच असलेल्या मुलीला बरोबरीची मैत्रीण हवी असते, हे खरेच आहे. पण नकाशावरचे एक किलोमीटर आणि पावसाळ्यात वाहत्या ओढ्यापलीकडचे एक किलोमीटर यांत फरक असतो. तो मोजणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

आता निकालाचा मुद्दा. ज्या पालकाकडे व्हॅनचे पैसे आहेत तो मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो. नोकरी लागली तो मुंबई-पुण्याला जातो. वाडीवर राहतात ती भूमिहीन, रोजंदारीवर जाणारी किंवा आजी-आजोबांकडे ठेवलेली मुले. म्हणजे पट कमी होतो तसतशी शाळा अधिक गरिबांची होत जाते. अशा शाळेचा निकाल कमी दिसला तर तो शाळा लहान असल्याचा परिणाम की गरिबीचा, हे वेगळे काढल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. 2005 पासून घरोघर जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासणारी पाहणी जिल्ह्याचे चित्र देते. नऊ मुलांच्या शाळेबद्दल ती बोलू शकत नाही, कारण ती त्यासाठी आखलेलीच नाही.

हे वेगळे काढण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. कॅलिफोर्निया (1988), नंतर वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, जॉर्जिया, टेक्सास इथल्या अभ्यासांत गरीब मुलांच्या निकालावरचा गरिबीचा फटका लहान शाळांत सौम्य दिसला. तिथली लहान शाळा आपल्याकडच्या वाडीशाळेच्या कित्येक पट मोठी असते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे उचलता येत नाही. पण ‘लहान म्हणजे निकृष्ट’ हे गृहीतक तिथे टिकले नाही, एवढे नोंदवायलाच हवे. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) साध्या जिल्हा परिषद शाळांत वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसून, जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर, एकमेकांना शिकवत शिकू लागली. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने तोच नमुना राज्यापुढे ठेवला. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता एकत्र शिकवणे, तेव्हा अडचण न राहता पद्धत म्हणून पाहिले गेले. दोनच वर्षांनी बहुवर्ग हेच शाळा हलवण्याचे एक कारण झाले.

2023 च्या पत्रात पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे दाखले होते. विरोध वाढल्यावर शाळा बंद करण्याचा हेतू नसल्याचे सांगण्यात आले. पाठोपाठ 15 मार्च 2024 रोजी संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, नवे निकष आले. त्यांत सहावी ते आठवीचा पट 20 च्या आत असेल तर त्या वर्गांना शिक्षकच मंजूर न करण्याचे ठरले. सप्टेंबर 2024 मध्ये 20 पर्यंत पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचे ठरले, शिक्षकांच्या आंदोलनाच्या काळात ती मर्यादा 10 वर आली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. संचमान्यतेचा वाद मात्र न्यायालयापर्यंत गेला. सहावी ते आठवीचे वर्ग गावात न राहिल्यास नियमाप्रमाणे पुढची शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. सातपुड्याच्या किंवा सह्याद्रीच्या वाडीवर हे अंतर बारा वर्षांच्या मुलीला रोज दोन वेळा पायी तोडावे लागते.