पीपीसीपीमधला 'सीपी'

कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या मोल्डिंगच्या शेडमध्ये 'पीपीसीपी' (पॉलिप्रॉपिलीन कोपॉलिमर, म्हणजे प्रॉपिलीनबरोबर इथिलीनही घातलेले प्लास्टिक) एवढे म्हटले की दाणा कोणता, हे वेगळे सांगावे लागत नाही. घोळ होतो तो 'रँडम' प्रकाराची मागणी आली की, कारण रँडम हेही कोपॉलिमरच असले तरी बाजाराने 'सीपी' हे नाव इम्पॅक्ट, म्हणजे आघात सोसणाऱ्या, प्रकारालाच देऊन टाकले आहे.

स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन १९५४ मध्ये इटलीत हाती आले आणि १९५७ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळणारा हा ताठ होमो (नुसत्या प्रॉपिलीनचा) दाणा शून्याच्या आसपास ठिसूळ होतो. बेदाण्याच्या शीतगृहात त्याचा टब आपटला, तर तडा जाण्याची भीती असते. रेणूच्या साखळीत इथिलीन विखरून, वजनाने सुमारे १ ते ७ टक्के, घातले की स्फटिकांची घडण विस्कटते, वितळबिंदू उतरतो आणि माल अधिक पारदर्शक व लवचीक होतो. गरम पाण्याचे पीपीआर पाइप या रँडम प्रकारातले.

इम्पॅक्ट प्रकार दोन टप्प्यांत होतो. पहिल्या रिअॅक्टरमध्ये होमोचे सच्छिद्र कण बनतात आणि दुसऱ्यात त्याच कणांच्या पोटात इथिलीन-प्रॉपिलीनचे रबर तयार होते. सुरुवातीला याला 'ब्लॉक कोपॉलिमर' म्हटले गेले, कारण वायू पाठोपाठ सोडल्यावर एकाच साखळीत दोन्हींचे तुकडे जोडले जात असावेत, अशी समजूत होती. प्रत्यक्षात या प्रक्रियेतल्या उत्प्रेरकावर एक साखळी वाढते ती फार तर काही मिनिटे, आणि कण रिअॅक्टरमध्ये राहतो त्याहून कितीतरी जास्त वेळ, त्यामुळे खरे ब्लॉक जवळपास बनतच नाहीत. हाती येते ते रबर पेरलेले मिश्रण. तरीही पाइपांच्या मानकांत 'पीपी-बी' ('बी' म्हणजे ब्लॉक) हे नाव टिकून आहे आणि ते रूढ झाले असल्याने राहू द्यावे, असे म्हणणारेही आहेत. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही, कारण 'ब्लॉक' वाचणारा गुणधर्म साखळीत शोधतो, आणि ते असतात रबराच्या कणांत.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची खूण दिसते. बॅटरीच्या खोक्याची पातळ कड दुमडली की घडीवर पांढरी रेघ उमटते, कारण ताणाखाली रबराभोवती सूक्ष्म पोकळ्या पडून प्रकाश विखुरतो. रँडमच्या पट्टीवर एवढी ठळक रेघ येत नाही, म्हणून बिलावर नुसते 'सीपी' असेल, तर जुना मोल्डर आधी नमुना दुमडून पाहतो.