पार कोंदिचिओ

पार कोंदिचिओ : निवडणूक आणि सार्वमताच्या काळात सर्व पक्षांना व उमेदवारयाद्यांना नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर समान संधी मिळावी, यासाठी इटलीत अमलात असलेली नियमव्यवस्था. मूळ लॅटिन पदाचा अर्थ ‘समान स्थिती’ असा आहे. संकुचित अर्थाने ही संज्ञा २२ फेब्रुवारी २००० च्या कायदा क्र. २८ ला लावतात. व्यापक अर्थाने, पत्रकाराने राजकीय बाबतीत कोणाची बाजू घेऊ नये या अपेक्षेलाही तीच संज्ञा वापरली जाते. हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे इटलीतील चर्चेत बराच घोळ झाला आहे. कारण पहिली गोष्ट घड्याळ लावून मोजता येते, दुसरी तशी येत नाही.

उगम : ही संज्ञा दिवाळखोरीच्या कायद्यातून आली, याविषयी दुमत नाही. ऋणकोची मालमत्ता सगळी देणी भागवण्यास अपुरी पडली, तर अग्रहक्क असलेले धनको वगळता बाकीच्या सर्वांचा तीवर सारखाच हक्क राहतो, हे तत्त्व इटलीच्या १९४२ च्या दिवाणी संहितेत (कलम २७४१) आहे. राजकारणात संज्ञा रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः राष्ट्राध्यक्ष ओस्कार लुईजी स्काल्फारो (कार्यकाळ १९९२–९९) यांना दिले जाते. ते मूळचे न्यायखात्यातले असल्याने विधिज्ञांची ही संज्ञा त्यांच्या तोंडी येणे स्वाभाविकच होते. १९९४-९५ च्या सुमारास त्यांनी तिचा वारंवार पुरस्कार केला आणि वृत्तपत्रांनी ती उचलून धरली.

वाद आहे तो कल्पनेच्या उगमाविषयी. एका मतानुसार पार कोंदिचिओ ही सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या राजकारणप्रवेशावरची प्रतिक्रिया होय. १९८४ पासून त्यांच्या उद्योगसमूहाकडे तीन राष्ट्रव्यापी वाहिन्या होत्या. २६ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेले निवेदन वाहिन्यांकडे धाडून निवडणुकीत उतरण्याची घोषणा केली आणि मार्चअखेरच्या मतदानात त्यांची आघाडी जिंकली. पंतप्रधान आणि सर्वांत मोठा खाजगी प्रक्षेपक एकच, अशी स्थिती त्यामुळे उद्भवली. त्यांच्यानंतर आलेल्या लाम्बेर्तो दीनी यांच्या सरकारातील टपाल व दूरसंचारमंत्री आगोस्तिनो गाम्बीनो यांनी मार्च १९९५ मध्ये प्रचारातील समान संधीविषयी अध्यादेश काढला. तो पुन्हापुन्हा काढावा लागला. त्याचे कायद्यात रूपांतर मात्र झाले नाही. या मताचे अभ्यासक २००० च्या कायद्याची सुरुवात याच अध्यादेशापासून धरतात.

दुसरे मत या कल्पनेची मुळे बरीच मागे, सरकारी मक्तेदारीच्या काळात शोधते. संविधान न्यायालयाने १९६० च्या निकाल क्र. ५९ मध्ये दूरचित्रवाणीवरील राज्याची मक्तेदारी ग्राह्य ठरवली. परंतु त्याच निकालात, ज्यांना या माध्यमातून विचार मांडायचे आहेत त्यांना निःपक्षपातीपणे व वस्तुनिष्ठतेने वाव देणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचेही म्हटले. त्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९६० मध्ये, राई या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेवर ‘त्रिबूना एलेत्तोराले’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि तोवर पडद्यापासून दूर राहिलेले विरोधी पक्षांचे नेते प्रथमच घराघरांत दिसू लागले. त्यात कम्युनिस्टही होते. १९७४ च्या निकाल क्र. २२५ ने आणखी पुढे जाऊन, प्रक्षेपण संस्थेची सूत्रे केवळ वा मुख्यतः सरकारच्या हाती राहता कामा नयेत, अशी अट घातली. तिला अनुसरून १९७५ च्या कायदा क्र. १०३ ने राईवरील देखरेख चाळीस सदस्यांच्या संसदीय समितीकडे सोपवली.

प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य मानले आहे. निवडणूक प्रचारात माध्यमे सर्वांना समान खुली असावीत, हा नियम १० डिसेंबर १९९३ च्या कायदा क्र. ५१५ मध्ये, म्हणजे बेर्लुस्कोनी यांच्या घोषणेच्या आधीच आला होता, एवढा पुरावा त्यासाठी पुरेसा आहे. बेर्लुस्कोनी यांच्यामुळे या प्रश्नाला धार आली हे खरे. पण संपूर्ण व्यवस्था एका माणसाविरुद्ध उभारली गेली असे म्हटले, की तिच्यामागचा घटनात्मक विचार नजरेआड होतो.

२००० चा कायदा : तो संमत झाला तेव्हा मास्सिमो दालेमा पंतप्रधान होते. विरोधकांनी त्यास मुस्कटदाबीचा कायदा म्हटले. राजकीय संज्ञापन आणि वृत्तांकन हा त्याने केलेला भेद महत्त्वाचा होय. वादसभा, पक्षनेत्यांच्या मुलाखतींची सत्रे व पक्षांनी स्वतः तयार केलेले प्रचारसंदेश हे पहिल्या प्रकारात मोडतात. तेथे वेळेची वाटणी अक्षरशः काटेकोर असते. उमेदवारी दाखल होईपर्यंत ती प्रतिनिधिगृहांत स्थान असलेल्या पक्षांमध्ये, त्यानंतर निवडणूक लढवणाऱ्या याद्यांमध्ये होते. प्रचारसंदेश दूरचित्रवाणीवर एक ते तीन मिनिटांचा, नभोवाणीवर तीस ते नव्वद सेकंदांचा असतो आणि तो चालू कार्यक्रमाच्या मध्ये घुसवता येत नाही. राष्ट्रव्यापी वाहिन्यांवर त्यासाठी पैसे आकारता येत नाहीत. बातमीपत्रांना मिनिटांचा असा हिशेब लागू नाही. समान परिस्थितीतील पक्षांना समान वागणूक द्यावी एवढेच त्यांच्यावर बंधन आहे. मतदानाची तारीख जाहीर झाल्यापासून मतदान संपेपर्यंत कोणत्याही कार्यक्रमात, आडवळणाने का होईना, मत कोणाला द्यावे हे सुचवण्यास मनाई आहे; निवेदक व दिग्दर्शकांच्या वर्तनावरही कायदा बोट ठेवतो. शासकीय कार्यालयांनी या काळात अत्यावश्यक व व्यक्तिनिरपेक्ष मजकुराखेरीज प्रसिद्धी करू नये, असेही कलम आहे.

खाजगी वाहिन्यांचे संपादकीय स्वातंत्र्य यामुळे संकोचते, असा आक्षेप घेतला गेला. संविधान न्यायालयाने २००२ च्या निकाल क्र. १५५ मध्ये तो मान्य केला नाही. मतदाराला पुरेशी व विविध बाजूंची माहिती मिळण्याचा हक्क न्यायालयाने येथे निर्णायक मानला. संविधानाच्या कलम २१ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्रक्षेपकाच्या बाजूने वाचायचे की श्रोत्याच्या, हा वाद विधिज्ञांत अजून चालू आहे. न्यायालयाचा कल श्रोत्याकडे आहे व तोच समर्थनीय वाटतो.

मोजमाप व दंड : अंमलबजावणी दोन संस्थांकडे आहे. राईचे नियम संसदीय देखरेख समिती ठरवते. खाजगी वाहिन्यांचे नियम १९९७ मध्ये स्थापन झालेले संज्ञापन नियामक प्राधिकरण, म्हणजे आग्कोम, ठरवते. मोजणीत तीन संज्ञा प्रचलित आहेत. नेता स्वतः बोलतो तो ‘शब्दकाळ’, पत्रकार त्याच्याविषयी बोलतो तो ‘वृत्तकाळ’ आणि दोहोंची बेरीज म्हणजे ‘प्रक्षेपणकाळ’. पाव्हिया येथील निरीक्षण संस्थेने राईच्या कार्यक्रमांची अशी मोजदाद १९९४ पासून केली.

या मोजदादीने बातमीचे स्वरूपही बदलले. बातमीपत्रातील राजकीय भागास इटालियन पत्रकार ‘पानिनो’ (सँडविच) म्हणतात : आधी सरकार, मध्ये विरोधक, शेवटी पुन्हा सत्तारूढ पक्ष, प्रत्येकाचे काही सेकंदांचे वाक्य. २००२ नंतरच्या काळात क्लेमेंते मिमून यांच्या संपादनाखालील राईच्या ‘तेजे उनो’ या बातमीपत्रावर अशी टीका विशेष झाली. येथे सेकंद जुळतात. पण प्रश्न विचारणारा पत्रकार नाहीसा होतो आणि शेवटचा शब्द नेहमी सत्तेचा राहतो.

शेवटच्या शब्दाचे मोल ३ एप्रिल २००६ च्या वादसभेत दिसले. विरोधी आघाडीचे नेते रोमानो प्रोदी आणि तेव्हाचे पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांची ही दुसरी वादसभा. उत्तराला अडीच मिनिटे, प्रत्युत्तराला एक मिनिट, असे सारे आखीव होते आणि सूत्रसंचालन ब्रूनो व्हेस्पा यांच्याकडे होते. समारोपाच्या निवेदनात बेर्लुस्कोनी यांनी राहत्या पहिल्या घरावरील स्थानिक कर रद्द करण्याचे आश्वासन दिले. त्यांचे निवेदन क्रमाने शेवटचे असल्यामुळे प्रोदी यांना त्याचा प्रतिवाद करता आला नाही. वेळ दोघांनाही सारखाच मिळाला होता.

मोठ्या दंडाचे उदाहरण मे २०११ चे आहे. मिलानच्या महापौरपदाच्या निवडणुकीतील दुसऱ्या फेरीपूर्वी, २० मे रोजी, पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांच्या मुलाखती एकाच दिवशी पाच बातमीपत्रांनी दाखवल्या. आग्कोमने पूर्वीही चुकलेल्या ‘तेजे उनो’ व बेर्लुस्कोनी यांच्या समूहाच्या ‘तेजे क्वात्रो’ यांना प्रत्येकी २,५८,२३० युरो, तर उरलेल्या तिघांना प्रत्येकी १ लाख युरो दंड केला. मुलाखती मात्र मतदारांपर्यंत पोचून गेल्या होत्या. दंड प्रक्षेपणानंतर होतो, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष मानावा लागतो.

समानतेतून शांतता : २०१० च्या प्रादेशिक निवडणुकांपूर्वी संसदीय समितीने चर्चात्मक कार्यक्रमांनाही वादसभांचे नियम लावले. त्यावर राईच्या संचालक मंडळाने १ मार्च रोजी ‘पोर्ता आ पोर्ता’, ‘आन्नोझेरो’, ‘बाल्लारो’ असे कार्यक्रम मतदान होईपर्यंत बंदच ठेवले. खाजगी वाहिन्यांवरील तत्सम निर्बंधांना लात्सिओ या प्रदेशाच्या (राजधानी रोम) प्रशासकीय न्यायालयाने स्थगिती दिली, तरी राईचे कार्यक्रम बंदच राहिले. ‘आन्नोझेरो’चे सूत्रसंचालक मिकेले सांतोरो यांनी २५ मार्च रोजी बोलोन्यातील एका क्रीडागारात जाहीर कार्यक्रम केला व तो इंटरनेट, उपग्रहवाहिनी आणि स्थानिक केंद्रांवरून दाखवला गेला. समान वाटणीसाठी केलेल्या नियमाने नेमक्या गरजेच्या महिन्यात सार्वजनिक वाहिनीवरची चर्चाच थांबली.

दोन नेत्यांच्या वादसभा याच कारणाने अडतात. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते एन्रिको लेत्ता आणि उजव्या आघाडीच्या नेत्या जॉर्जा मेलोनी, २०२४ मध्ये तोवर पंतप्रधान झालेल्या मेलोनी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या एली श्लाइन यांची राईवर ठरलेली समोरासमोरची लढत आग्कोमच्या भूमिकेमुळे होऊ शकली नाही. बाकीच्या पक्षांना डावलले जाते, हा आक्षेप कायद्याला धरून आहे.

एप्रिल २०२४ मध्ये, युरोपीय संसदेच्या निवडणुकीपूर्वी, देखरेख समितीतील बहुमताने मंत्र्यांच्या शासकीय कामाचे वृत्तांकन राईच्या मिनिटांच्या हिशेबाबाहेर काढण्याची तरतूद केली. राईतील पत्रकारांच्या ‘उसिग्राई’ या संघटनेने तिचा निषेध केला आणि ६ मे रोजी संप पुकारला. मंत्री कधी शासनासाठी बोलतो व कधी पक्षासाठी, हे ठरवण्याचे साधन त्या तरतुदीत नव्हते.

मुद्रित व इतर माध्यमे : वृत्तपत्रांवर बंधने थोडी आहेत, पक्षांच्या मुखपत्रांना तर जवळपास नाहीतच. स्थानिक केंद्रांसाठी २००३ चा कायदा क्र. ३१३ व त्यानुसार केलेली स्वयंनियमन संहिता आहे. मतचाचण्यांचे निष्कर्ष मतदानापूर्वीच्या पंधरा दिवसांत प्रसिद्ध करता येत नाहीत. काही संकेतस्थळे त्यातून वाट काढण्यासाठी पक्षांना घोड्यांची नावे देऊन शर्यतीचे निकाल म्हणून आकडे छापतात. मतदानाच्या आदल्या दिवसापासूनची प्रचारबंदी १९५६ च्या कायद्याने आली. तिच्यात समाजमाध्यमांचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. २०१८ च्या निवडणुकीपूर्वी आग्कोमने समाजमाध्यम कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती पाळणे ऐच्छिक आहे.