स्लाइडचा साचा कोणी ठरवायचा?

तांत्रिक परिषदेचे निमंत्रण आले की पाठोपाठ टेम्प्लेट येते: वर बोधचिन्ह, खाली प्रायोजकांची पट्टी, ठरलेला निळा रंग. वक्त्यांनी तेच वापरलेच पाहिजे का, यावर वाद होतो. साच्याचा हा आग्रह पॉवरपॉइंटहून जुना आहे; फक्त तेव्हा प्रश्न दिसण्याचा नव्हता, यंत्रात काय मावते याचा होता.

३५ मिलिमीटर फिल्मच्या काळात स्लाइडची चौकट बाहेरून ५० बाय ५० मिलिमीटर आणि आतले चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर असे. कोडॅकच्या कॅरोसेल प्रोजेक्टरच्या गोल ट्रेत ८० खाचा असत. १४० खाचांचा ट्रेही मिळे, पण त्याच्या खाचा अरुंद. पुठ्ठ्याची चौकट जराशी वाकली तरी स्लाइड अडकायची. दिव्याच्या उष्णतेने फिल्म फुगून चित्र धूसर होई. काचेच्या चौकटीत ते टळे, पण ती जाड, म्हणून पुन्हा अडकण्याची भीती. शिवाय स्लाइड डोके खाली करून घालावी लागे. त्यावरचा तोडगा झकास होता: स्लाइड सरळ धरून खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठिपका द्यायचा. ट्रेत घालताना तो वरच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याखाली आला की समजायचे, बरोबर बसली.

१९८७ साली मॅकिंटॉशवर आलेले पॉवरपॉइंट ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापण्यासाठी होते, तेही काळ्या-पांढऱ्यात. पुढच्या वर्षी रंगीत ३५ मिलिमीटर स्लाइडची सोय झाली आणि १९९२च्या तिसऱ्या आवृत्तीपासून थेट प्रोजेक्टरला जोडून दाखवता येऊ लागले. इथून पुढे वक्त्यासोबत तयार चित्र नाही, तर फाइल येऊ लागली. फाइल प्रत्येक संगणकावर नव्याने मांडली जाते, आणि सगळा घोळ तिथेच सुरू झाला.

मराठीत तो जास्तच बोचला. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगळे संकेत देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन संकेतांच्या जागी बसवलेली असत. सभागृहातल्या संगणकात तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे. युनिकोडने हे संपवले, तरी फॉन्ट बदलला की ओळींची लांबी बदलते आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर घसरते.

मग आकाराचा पेच. पॉवरपॉइंटने २०१३च्या आवृत्तीत नव्या स्लाइडचे प्रमाण ४:३ वरून १६:९ केले. सभागृहात मात्र जुने प्रोजेक्टर टिकून होते. १६:९ ची स्लाइड १०२४ बाय ७६८ पिक्सेलच्या प्रोजेक्टरवर टाकली की चित्राची उंची ५७६ उरते. उलट ४:३ ची स्लाइड १९२० बाय १०८०च्या पडद्यावर दोन्ही कडांना २४०-२४० पिक्सेल काळे सोडते. ही माहिती आयोजकांनी आधी कळवायलाच हवी. वक्त्याला ती कळायला दुसरा मार्ग नाही.

पीडीएफ २००८ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक झाले; त्यात फॉन्ट फाइलीतच बसवता येतो, म्हणून फॉन्टचा प्रश्न बराचसा मिटला. त्याची किंमतही आहे. व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशन जातात. एकामागून एक येणारे बाण पॉवरपॉइंटमधून पीडीएफ काढताना एकाच पानावर एकमेकांवर चढतात. अशी स्लाइड आधीच तीन-चार पानांत फोडावी. लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीतले, स्लाइड बनवायचे बीमर हे पॅकेज टप्प्याटप्प्यांची पाने आपोआप वेगळी काढते.

वेळेचा साचा मात्र लोकांनी आनंदाने स्वीकारला. २००३ साली तोक्योत सुरू झालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या प्रकारात २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद. एकूण ६ मिनिटे ४० सेकंदांत विषय आटोपतो. असे बंधन श्रोत्यांच्या फायद्याचे असते. प्रायोजकांच्या पट्टीबद्दल तसे म्हणवत नाही. १०८० पिक्सेल उंचीतले वर १५० आणि खाली ९० टेम्प्लेटने घेतले, तर पाचव्या हिश्शाहून जास्त जागा गेली. कोडच्या वीस ओळींच्या जागी पंधरा मावतात, अक्षर लहान करावे लागते आणि मागच्या रांगेला काही वाचता येत नाही. बोधचिन्ह पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर पुरते.

आयोजकांनी ठरवून द्यावे ते एवढेच: पडद्याचे प्रमाण, फाइलचा प्रकार, ती पोहोचवण्याची मुदत आणि फॉन्ट आत बसवण्याची अट. शेवटची अट तपासायला अर्धा मिनिट लागतो: अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधला फॉन्टचा टॅब उघडायचा आणि प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेले आहे ना, ते पाहायचे.