रिपोर्टात दोन ताप, अंगात किती?

पावसाळ्यात लालबाग-परळच्या चाळींत एक वाक्य सारखं ऐकू येतं: “त्याला मलेरिया आणि टायफॉईड दोन्ही निघाले.” घरचे हबकतात, आणि सलाईन, इंजेक्शनं, अँटिबायोटिक सगळं एकदम सुरू होतं.

दोन्ही आजार पाण्यामुळेच होतात, पण ते पाणी वेगवेगळं. मुंबईत मलेरिया पसरवणारी ॲनॉफिलीस स्टिफेन्साय डासाची मादी साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. गच्चीवरची उघडी टाकी किंवा बांधकामावरचा हौद तिला पुरतो. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. टायफॉईडचा जंतू, म्हणजे साल्मोनेला कुळातला एक जंतू, मात्र मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. एकाच वस्तीत दोन्ही पाणी असतं, त्यामुळे एका माणसाला दोन्ही आजार होऊ शकतात. शिवाय मलेरियात तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातून सुटलेल्या द्रव्यामुळे साल्मोनेला मारणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

तरीही ‘दोन्ही निघाले’ म्हणणाऱ्या अनेक रिपोर्टांत टायफॉईड नसतोच. गोची आहे ती टायफॉईडसाठी रक्ताची जी विडाल टेस्ट करतात तिच्यात. १८९६पासून चालत आलेली ही तपासणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती जंतू पाहत नाही. जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं तेवढी ती मोजते. आपल्याकडे साल्मोनेलाच्या कुळातल्या जंतूंशी गाठ पडतच असते, म्हणून धडधाकट माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडं थोडीफार सापडतात. त्यात मलेरिया झाला की प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी सरसकट चाळवतात, जुनी प्रतिपिंडंही वाढतात आणि विडाल पॉझिटिव्ह येते. मलेरियाचं तसं नाही. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, मलेरियाचा परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांना दिसतो.

एका विडालवर टायफॉईडचा शिक्का मारणं मला धोक्याचं वाटतं. पेशंटला नको ती अँटिबायोटिक्स मिळतात, आणि टायफॉईडचे जंतू आधीच सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत.

खरा पुरावा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा. त्याला काही दिवस लागतात, खर्चही जास्त, आणि खरा टायफॉईड असलेल्या शंभरांपैकी साठेकच त्यात पकडले जातात. म्हणून कल्चर निगेटिव्ह आलं तरी डॉक्टरांना लक्षणं पाहावीच लागतात. रक्त मात्र अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी द्यायला हवं. डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा: “आधी कल्चरला रक्त पाठवायचं का?” स्मिअरमध्ये मलेरिया दिसला असेल तर त्याचं औषध लगेच सुरू होतं, कल्चरसाठी ते थांबवायचं नसतं. मलेरियाच्या गोळ्या नीट घेऊनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला नाही, तर आधीच पाठवलेल्या त्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांच्या हाताशी असतो.