कलाकारांसाठी छोटं अर्थसाहाय्य: कोणता अर्ज कोणासाठी आणि कागद कोणते?

कलाकारांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा वृद्ध कलावंतांच्या मानधनावर येऊन थांबते. ते मानधन गरजेचंच आहे, पण ते उतारवयासाठी. ज्याचं काम ऐन भरात आहे, ज्याला येत्या दोन वर्षांत काही शिकायचंय, शोधायचंय किंवा हातातल्या कलेवर धंदा उभा करायचाय, त्याच्यासाठीच्या योजना वेगळ्या आहेत. रकमा मोठ्या नाहीत. शिवाय प्रत्येक योजना एका ठरावीक कामासाठीच पैसे देते. चांगल्या कलाकाराचा अर्जही इथेच अडकतो, कारण मागणी रास्त असली तरी ती चुकीच्या योजनेकडे केलेली असते.

म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःशी पक्कं करा. हे पैसे आले तर मी नेमकं काय करणार? गुरूकडे शिकणार, एखाद्या विषयाचा अभ्यास करणार, की वस्तू घडवून विकणार?

अजून शिकत असाल तर

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वयोमर्यादा १८ ते २५. महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. पैसे दर महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात. त्यामुळे दुसऱ्या शहरात खोली घेऊन शिकायला राहणार असाल तर सुरुवातीच्या भाड्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. शास्त्रीय संगीत आणि नृत्य, नाटक, मूकाभिनय, दृश्यकला, लोककला आणि उपशास्त्रीय संगीत ही क्षेत्रं यात येतात. एका तुकडीत देशभरातून जास्तीत जास्त ४०० जणांची निवड होते. अर्ज, मुलाखती आणि पुढचं सगळं काम दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, पाहतं.

ही शिष्यवृत्ती नवशिक्यांसाठी नाही. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिक्षण झालेलं हवं आणि पुढचं शिक्षण प्रगत पातळीचं हवं. त्यामुळे सगळ्यात वजनदार कागद म्हणजे गुरूंचं प्रमाणपत्र. आपल्याकडे बरंच शिक्षण घरगुती पद्धतीने होतं. गुरूंकडे लेटरहेड नसतं, फीची पावती नसते, कधी तर फीच नसते. अशा वेळी गुरूंकडून ‘हा माझा गुणी शिष्य आहे’ एवढंच लिहून आणू नका. कोणत्या सालापासून शिकतोय, कोणती शैली, आठवड्यातून किती वेळा, आता कुठपर्यंत आलाय आणि पुढची दोन वर्षं काय शिकवणार, हे सगळं त्यात असू द्या. मध्ये गुरू बदलले असतील तर आधीच्या गुरूंचंही पत्र घ्या. विशारद वगैरे परीक्षांची प्रमाणपत्रं जरूर जोडा, पण ती गुरूंच्या पत्राची जागा घेत नाहीत.

निवड तज्ज्ञांच्या समितीसमोर होते. गाणाऱ्याला गावं लागतं, नाचणाऱ्याला नाचावं लागतं, चित्रकाराला काम दाखवावं लागतं. कागद तुम्हाला त्या खोलीपर्यंत नेतात, पुढचं तुमच्या हातात.

शिकून झालंय, आता काही शोधायचंय

याच मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अभ्यासवृत्ती आहेत. कनिष्ठ अभ्यासवृत्ती २५ ते ४० वयोगटासाठी, महिना १०,००० रुपये. वरिष्ठ चाळिशीच्या पुढच्यांसाठी, महिना २०,००० रुपये. दोन्हींची मुदत दोन वर्षं, आणि एका तुकडीत दोन्ही मिळून जास्तीत जास्त ४००.

इथे एक मोठा गैरसमज आहे. हे पैसे कलाकाराला त्याच्या कर्तृत्वाबद्दल मिळत नाहीत, त्याने हाती घेतलेल्या अभ्यासासाठी मिळतात. शिबिरं घेणं, इतरांना शिकवणं, परिसंवाद भरवणं, आत्मचरित्र किंवा कथा-कादंबरी लिहिणं यासाठी ही अभ्यासवृत्ती नाही. ‘मी तमाशाच्या ढोलकीची कार्यशाळा गावोगाव घेईन’ हा प्रस्ताव कितीही मनापासून लिहिला तरी तो इथला नव्हे. तोच ढोलकीवाला ‘वेगवेगळ्या फडांतल्या वादकांच्या हाताच्या बोलांची नोंद करून त्यांतला फरक मांडीन, आणि त्यावर आधारलेलं वादन सादर करीन’ असं म्हणाला तर तो अभ्यास झाला. प्रयोगाशी जोडलेलं संशोधनही इथे चालतं, ते विद्यापीठातल्या प्रबंधासारखंच असलं पाहिजे असं नाही.

प्रस्ताव दोन-तीन पानांत बसला पाहिजे, असं माझं मत. विषय काय, यावर आधी काय झालंय, तुम्ही वेगळं काय करणार, कोणाला भेटणार, कुठे जाणार आणि दर सहा महिन्यांच्या शेवटी हातात काय असेल. शेवटचा मुद्दा विसरू नका, कारण पुढचे हप्ते सहामाही अहवालावर सुटतात. ‘महाराष्ट्राची समृद्ध लोकपरंपरा’ या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद मात्र सरळ खोडून टाका. समितीला ती परंपरा माहीत असते.

हाताने घडवून विकणारे

कारागिरांसाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि ती २०२७-२८ पर्यंतची आहे. यात १८ व्यवसाय आहेत. कलेच्या जवळचे म्हणाल तर मूर्तिकार आणि दगडकाम करणारे, कुंभार, पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारे, सोनार, सुतार, चर्मकार, टोपल्या-चटया विणणारे. सावंतवाडीची लाकडी खेळणी बनवणारा यात बसू शकतो. वारली चित्रं काढणारा मात्र नाही, कारण चित्रकला त्या यादीतच नाही. त्याने हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र, म्हणजे ‘पहचान’ कार्ड काढावं. त्या कार्यालयाच्या योजना आणि प्रदर्शनांसाठी ते लागतं.

विश्वकर्मात मिळतं काय? पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. हे झालं अनुदान. त्यापुढे विनातारण कर्ज: आधी १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचं, आणि ते नीट फेडल्यावर पुढच्या अटी पूर्ण केल्या तर २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांत फेडायचं. व्याज ५ टक्के. बाकीच्या व्याजाचा भार सरकार उचलतं. कर्ज घेतलंच पाहिजे असं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘विश्वकर्माचे तीन लाख मिळतात’ अशी हवा गावोगाव आहे, आणि ते तीन लाख परत करायचे असतात हे नंतर कळतं.

अटी थोडक्यात अशा. वय १८ पूर्ण, काम स्वतःच्या हाताने आणि अवजारांनी करणारा स्वयंरोजगारी, कुटुंबातून एकच जण (कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं), घरात कोणी सरकारी नोकरीत नको. मागच्या पाच वर्षांत धंद्यासाठी अशाच सरकारी पतयोजनेतून कर्ज घेतलेलं नसावं. मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीची योजना) किंवा स्वनिधीचं (फेरीवाल्यांसाठीची योजना) कर्ज पूर्ण फेडलं असेल तर चालतं.

नोंदणी सीएससी केंद्रावर (कॉमन सर्व्हिस सेंटर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र), आधारचा अंगठा देऊन. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल, बँक खातं आणि रेशन कार्ड एवढं न्यावं. रेशन कार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांचे आधार. नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यानंतर तीन टप्प्यांत पडताळणी होते: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. पहिल्याच टप्प्यावर अर्ज पडून राहतात, तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन विचारण्यात लाजू नका. केंद्रावर जाण्याआधी तुमच्या व्यवसायाची नोंदणी त्या वेळी सुरू आहे का, हे फोन करून विचारून घेतलं तर फेरी वाचते.

सरकारबाहेर

बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून अनुदानं देते, कलासंशोधनासाठीही आणि प्रत्यक्ष कलानिर्मितीसाठीही. प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येतो. म्हणजे मराठीत विचार करणाऱ्याने मोडक्या इंग्रजीत अर्ज लिहिण्याचं कारण नाही.

कागदांची फाइल

सगळ्यात जास्त त्रास नावाचा होतो. आधारवर वडिलांच्या नावासकट, बँकेत नुसती अद्याक्षरं, दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तिसरंच, लोकांना माहीत असलेलं नाव. अर्ज नेहमी आधार आणि बँक खात्यावरच्या नावाने करा. कलाक्षेत्रातलं नाव परिचयात ‘या नावाने ओळख’ असं लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नाव कायमचं बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेतच तपासा. मोबाइलवर आलेल्या संदेशावर विसंबू नका.

कामाचे पुरावे निवडून द्या. पंचवीस कात्रणांपेक्षा तारीख, ठिकाण आणि आयोजक स्पष्ट दिसणाऱ्या पाच-सहा पत्रिका जास्त कामाच्या. ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत असेल तर तुमचं सर्वांत चांगलं काम पहिल्या मिनिटातच यायला हवं. सत्काराची भाषणं आधी आणि गाणं नंतर, असं नको. चित्रं-शिल्पांच्या फोटोखाली माध्यम, आकार आणि साल लिहा.

खर्चाचं अंदाजपत्रक मागितलं असेल तर गोल आकडे टाळा. प्रवासाचं भाडं, साहित्याचं कोटेशन, रेकॉर्डिंगचा तासाचा दर, असं प्रत्येक रकमेमागे काहीतरी दाखवता आलं पाहिजे. स्वतःच्या वेळेचं मानधन लावता येतं का, हे त्या योजनेच्या नियमांत बघा, आणि येत असेल तर संकोच न करता लावा. अर्ज मंजूर होण्याआधी केलेला खर्च सहसा धरला जात नाही, तेव्हा निकालाच्या भरवशावर तबला आणून ठेवू नका.

वयाचा हिशेब कोणत्या तारखेला धरलाय, हे जाहिरातीत दिलेलं असतं. पंचविशी किंवा चाळिशीच्या काठावर असाल तर सगळ्यात आधी तेच वाचा. ऑनलाइन अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. भरून झाल्यावर पोचपावती आणि अर्ज क्रमांक छापून ठेवा, कारण जाहिरात आणि मुलाखत यांच्यात बराच काळ जाऊ शकतो आणि तोवर मोबाइलही बदललेला असतो.

मंजुरी आली की पहिल्या हप्त्याच्या दिवसापासून वेगळी वही घाला. तारीख, भेट, रियाझ, खर्च, पावती. पावत्यांची शाई उडते, म्हणून त्याच आठवड्यात फोटो काढा. ही रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबात कशी धरायची, हे विवरणपत्र भरताना करसल्लागाराला विचारा आणि मंजुरीपत्र सोबत न्या. सहामाही अहवाल वेळेत गेला नाही तर पुढचा हप्ता थांबतो. अडचण आली, गुरू आजारी पडले किंवा विषय थोडा बदलावा लागला, तर अहवालाच्या तारखेआधीच लेखी कळवून परवानगी घ्या.