जाती–क्षेत्र संबंध

पाहणीचे क्षेत्र वाढवीत नेले, की त्यात आढळणाऱ्या सजीवांच्या जातींची संख्याही वाढते. मात्र ही वाढ क्षेत्राच्या समप्रमाणात न होता उत्तरोत्तर मंदावत जाते. या नियमिततेला परिस्थितिविज्ञानात जाती–क्षेत्र संबंध म्हणतात. जैवविविधतेच्या स्थलीय मापनात तो मूलभूत असून, क्षेत्रफळ न सांगता दिलेली जातिसंख्या तुलनेस निरुपयोगी ठरते.

हा संबंध प्रथम कोणी मांडला याविषयी मतभेद आहेत. श्रेय बहुधा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूएट वॉटसन यांना देतात. पण काही अभ्यासक त्यासाठी त्यांची १८३५ मधील विधाने पुरेशी मानतात, तर काही १८५९ मधील इंग्लंडमधील सरी परगण्याच्या वनस्पतींची मोजदाद पुढे करतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तेथे क्षेत्र व जातिसंख्या यांचे आकडे एकमेकांसमोर मांडले आहेत. जातिसंख्या क्षेत्राच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणात बदलते, असे सूत्र स्वीडनचे ओलोफ आर्‍हेनियस यांनी १९२१ मध्ये दिले. या सूत्राने मोजणीसाठी आखलेल्या लहान चौकटींवरून मोठ्या क्षेत्राचा अंदाज केल्यास अविश्वसनीय आकडे येतात, असा आक्षेप अमेरिकेतील हेन्री ग्लीसन यांनी लगेच १९२२ मध्ये घेतला आणि क्षेत्राच्या लॉगॅरिथमवर आधारित सूत्र सुचविले. फ्रँक प्रेस्टन यांनी १९६२ मध्ये सैद्धांतिक विचारातून घातांक सु. ०·२६ काढला, त्यानुसार क्षेत्र दहापट झाले तरी जाती दुपटीहून कमीच वाढतात. निरनिराळ्या बेटांची एकमेकांशी तुलना केल्यास घातांक सामान्यतः अधिक, तर सलग भूभागात कमी आढळतो.

क्षेत्रपाहणीत मोजणीच्या चौकटी दोन प्रकारे आखतात. एकात १ चौ. मी.ची चौकट दुप्पट-दुप्पट वाढवीत नेतात. प्रत्येक मोठ्या चौकटीत आधीची सामावलेली असल्याने या मोजण्या परस्परांपासून स्वतंत्र नसतात. दुसऱ्यात विखुरलेल्या चौकटींतील जातींची बेरीज करतात. तीत निरनिराळे अधिवास येत असल्याने तेवढ्याच एकूण क्षेत्रात सहसा अधिक जाती मिळतात. या दोन पद्धतींतून मिळणारे क्षेत्र व जातिसंख्या यांचे आलेख (वक्र) एकच समजून त्यांची तुलना करणे ही गंभीर चूक होय. चौकटीची सीमा दाखविणाऱ्या दोरीवरच उगवलेले रोप मोजावे की नाही, हेही आधी ठरवावे लागते. लगतच्या दोन बाजूंवरील रोपे धरून उरलेल्या दोन बाजूंवरील वगळण्याचा प्रघात आहे. लहान चौकटीत क्षेत्राच्या मानाने परिमिती मोठी असल्याने हा नियम न पाळल्यास तेथेच आकडा सर्वाधिक फुगतो.

सूक्ष्मजीवांत घातांक बहुधा कमी आढळतो. मात्र त्यांच्यात जातींच्या सीमा आखणेच अवघड असल्याने ही तुलना सावधपणे करावी लागते.