828 हा आकडा : मुंबईच्या चाळी, साथी आणि मृत्यूची नोंद

1921 ला मुंबईत एका खोलीत राहणाऱ्यांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 828 बाळं वर्षाच्या आत गेली, तो हा आकडा. त्याच्याकडे यायला आधी थोडं मागे जाऊ. 1896 ला मुंबईतल्या मांडवीत प्लेग सापडला ते सगळ्यांना माहितीये, त्यात फार शिरत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, पेशंट सापडला की त्याला उचलून हॉस्पिटलात नेतात ही धास्ती घराघरात होती, म्हणून काखेत गाठ, म्हणजे प्लेगची खूण, येऊन गेलेल्या माणसालाही घरचे "साधा ताप होता" म्हणायचे. मृत्यूच्या नोंदीतला हा "ताप" पुढे कित्येक वर्षं काय काय पोटात घेत राहिला.

1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारायला नेमलेलं मंडळ, आला, नागपाड्यापासून दाट वस्त्यांची पाडापाडी सुरू झाली. तेव्हा समज असा की रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून येतो. उंदीर, पिसू, माणूस ही साखळी पक्की झाली ती 1905 नंतर, प्लेगच्या खोल्यांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचल्या तेव्हा. तोवर पाडलं भराभर, बांधलं सावकाश, आणि बाहेर पडलेली बिऱ्हाडं शेजारच्याच चाळीत घुसली.

मग 1918 चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये 7 पोलीस शिपाई, त्यातला एक गोदीवरचा, तापाने दवाखान्यात आले तिथून सुरुवात, आणि 6 ऑक्टोबरला एका दिवसात शहरात 768 मृत्यू. युरोपियनांत हजारी 8 च्या आसपास माणसं गेली, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे हिंदू म्हणून वेगळं मोजायचे त्यांच्यात हजारी 61 च्या वर. साथ एकच, शहर एकच.

पण खरा घोळ आहे 1921 च्या बालमृत्यूचा. त्या वर्षी मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 667 बाळं वर्षाच्या आत गेली असा दर निघाला. एका खोलीत राहणाऱ्यांत 828, दोन खोल्यांत 322, तीनमध्ये 191, चार किंवा जास्त खोल्यांत 133. हे वाचून पोटात गोळा येतो. यावर तेव्हापासून एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. गिरणगावातली बाई बाळंतपणाला कोकणात नाहीतर घाटावर माहेरी जायची, बाळाचा जन्म तिकडे, नोंद झालीच तर तिकडेच, आणि दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती परत दहा बाय दहाच्या खोलीत आली की पुढे जे व्हायचं त्याची नोंद मात्र मुंबईत. म्हणजे जन्म मोजले कमी आणि मृत्यू मोजले पुरे, दर फुगणारच. त्यात गावी जाणाऱ्या बायका बहुतेक एका खोलीतल्याच, म्हणजे सगळ्यात जास्त फुगवटा 828 मध्येच.

इथवर मान्य. पण काहीजण यावरून थेट "म्हणजे चाळींचा तसा दोष नव्हता" इथे पोचतात ते मला अजिबात पटत नाही. ती खोली डोळ्यासमोर आणा ना, कोपऱ्यात मोरी, शेजारी चूल, धूर जायला वाट नाही, गिरणीतली एक पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी तिथेच पसरलेली, कुणीतरी क्षयाने खोकतंय आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर झोळीत बाळ. जन्म गावच्या दप्तरात असेल नसेल, ते बाळ गेलं ते याच खोलीत, आणि 133 वाल्या घरातलं बाळ श्वास घेत होतं ती हवा वेगळी होती.